पावतीतील वजनांची यादी बाहेर द्यायची, पण बदलू द्यायची नाही : जावात नेमके काय वापरावे?

काटापावती (जळगाव)

नमस्कार मंडळी. जिल्ह्यातील एका कापूस जिनिंगच्या वजनकाट्यावर चालणारी, जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतील प्रणाली देखभालीसाठी माझ्याकडे आली आहे. तिच्यात 'पावती' नावाचा क्लास असून त्यात 'वजननोंद' या ऑब्जेक्टची लिस्ट आहे. प्रत्येक नोंदीत गाडी क्रमांक, भरलेले वजन, रिकामे वजन आणि ओलाव्याची टक्केवारी असते. एकाच शेतकऱ्याच्या दिवसभरात दोन-तीन गाड्या आल्या, तर त्या सर्व एकाच पावतीवर चढतात.

अडचण अशी आहे की, दिवसाचा गोषवारा उघडून नंतर पावती पुन्हा छापली की ओळींचा क्रम बदललेला दिसतो. एका पावतीवर सकाळची पिकअप (निव्वळ 1,220 किलो) पहिली आणि दुपारची ट्रॅक्टर-ट्रॉली (भरलेली 5,860, रिकामी 3,510, म्हणजे निव्वळ 2,350 किलो) दुसरी होती. पुन्हा छापलेल्या प्रतीवर ट्रॉली वर गेली आणि पिकअप खाली आली. एकूण 35.70 क्विंटल दोन्हीकडे तेच आहे, परंतु दोन प्रती शेजारी ठेवून पाहणाऱ्या शेतकऱ्याला वजनात काहीतरी फिरवले आहे असे वाटले, तर त्याला दोष देता येत नाही.

कारण सापडले आहे. पावतीची 'गेट' मेथड (यादी बाहेर देणारे फंक्शन) आतली ॲरेलिस्ट (जावातील नेहमीची, बदलता येणारी यादी) जशीच्या तशी परत देते आणि गोषवाऱ्याचा कोड तिच्यावरच निव्वळ वजनानुसार उतरता 'सॉर्ट' चालवतो. कोडमधील जुन्या टिपेत मात्र "फील्ड प्रायव्हेट आणि फायनल आहे, त्यामुळे यादी बदलणार नाही" असे स्पष्ट लिहिलेले आहे. यादी सर्वांना वाचता यावी, परंतु पावतीच्या बाहेरून कोणालाही बदलता येऊ नये, यासाठी योग्य पद्धत कोणती? प्रणाली जावा 17 वर आहे.

मेहरूणकाठ (जळगाव)

प्रथम त्या टिपेविषयी. 'फायनल' हा शब्द फील्डला, म्हणजे क्लासमधील व्हेरिएबलला, लागू होतो. त्या फील्डला दुसरी लिस्ट जोडता येणार नाही, एवढेच त्यातून साधते. लिस्टच्या आत काय घालावे, काय काढावे, यावर त्याचा काडीचाही अंमल नसतो. 'प्रायव्हेट'चेही तेच आहे, कारण गेट मेथडने ऑब्जेक्टच हातात दिल्यावर फील्डचे नाव लपवून काही उपयोग राहत नाही.

आपल्याला हवी असलेली सोय जावात 1998 च्या 1.2 आवृत्तीपासून आहे. गेट मेथडमध्ये

रिटर्न कलेक्शन्स.अनमॉडिफायेबललिस्ट(नोंदी);

एवढी एक ओळ करावी. ही मेथड मूळ लिस्टभोवती एक रॅपर, म्हणजे वेष्टन, चढवते. वाचण्याच्या सर्व मेथड हे रॅपर आतल्या लिस्टकडे पाठवते आणि ॲड, रिमूव्ह, सेट, क्लिअर, सॉर्ट यांपैकी काहीही बोलावले की अनसपोर्टेडऑपरेशनएक्सेप्शन ही चालू काम थांबवणारी त्रुटी फेकते. गोषवाऱ्याचा कोड पहिल्याच वेळी बंद पडेल आणि दोषी ओळ लॉगमध्ये दिसेल. त्या ओळीत लिस्टची स्वतःची प्रत काढून ती सॉर्ट करावी.

काटापावती (जळगाव)

आभारी आहे, दादा. करून पाहिले. गोषवारा लगेच आडवा झाला आणि त्यासोबत आणखी एक जागा सापडली, जिथे शून्य वजनाच्या नोंदी परस्पर यादीतून काढल्या जात होत्या. ती जागा एरवी कोणाच्या लक्षात आली नसती.

सातपुड्याखाली (चोपडा)

मेहरूणकाठ यांनी सांगितलेले चुकीचे नाही, परंतु ते इथेच सोडले तर पुढे घोळ होईल. अनमॉडिफायेबललिस्ट ही प्रत नसून केवळ एक दृश्य आहे. आपल्या जळगावच्या सराफ बाजारातील काचेच्या शोकेससारखे ते आहे : रस्त्यावरच्या माणसाला हात लावता येत नाही, पण दुकानदार मागच्या बाजूने केव्हाही हार काढून पाटल्या ठेवू शकतो आणि बाहेर उभ्या असलेल्याला ते बदललेले दिसते.

म्हणजेच ज्याच्या हाती ते दृश्य आहे, त्याला "मी बदलू शकत नाही" एवढीच हमी मिळते. "हे बदलणार नाही" ही हमी त्यात नाही. काट्यावरून नवीन गाडीचे वजन पावतीत जमा झाले की गोषवाऱ्याच्या हातातील लिस्टची लांबी आपोआप वाढते. आणि गोषवारा त्याच क्षणी फॉर लूपमध्ये यादी वाचत असेल, तर कॉन्करंटमॉडिफिकेशनएक्सेप्शन येईल. तेही दर वेळी येईलच असे नाही, त्यामुळे शोधणे अधिक कठीण. आपल्या प्रणालीत काट्याचे वाचन वेगळ्या थ्रेडवर (समांतर चालणाऱ्या कामात) होते का, हे आधी पाहावे.

बदलणारच नाही अशी यादी हवी असेल, तर लिस्ट.कॉपीऑफ वापरावे. ही मेथड 2018 च्या जावा 10 मध्ये आली. तिच्या आधीची लिस्ट.ऑफ 2017 च्या जावा 9 मधील आहे. कॉपीऑफ त्या क्षणीच्या घटकांची स्वतंत्र यादी बांधते आणि मूळ यादीत नंतर काहीही झाले तरी तिच्यावर परिणाम होत नाही.

काटापावती (जळगाव)

काट्याचे वाचन वेगळ्याच थ्रेडवर होते. मग गेट मेथडमध्ये लिस्ट.कॉपीऑफ टाकल्यास हा प्रश्न पूर्णपणे सुटतो का? दुसरी शंका अशी की, दिवाळीनंतर आवक वाढली की पावत्यांची संख्याही बरीच होते. प्रत्येक वेळी प्रत काढणे जड जाणार नाही का?

सातपुड्याखाली (चोपडा)

पूर्णपणे सुटत नाही. कॉपीऑफ ही प्रत काढतानासुद्धा मूळ ॲरेलिस्ट वाचते, आणि त्याच वेळी दुसरा थ्रेड तिच्यात भर घालत असेल तर ते वाचन सुरक्षित नसते. भर घालणारी मेथड आणि प्रत काढणारी मेथड या दोन्ही एकाच लॉकखाली (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणाऱ्या कुलपाखाली) असायला हव्यात. एकदा प्रत हातात आली की पुढे मात्र लॉकची गरज राहत नाही. ती कितीही थ्रेडनी एकाच वेळी वाचली तरी चालते.

प्रतीच्या खर्चाची काळजी इथे करू नये. एका पावतीवर दोन-चार गाड्या असतात आणि प्रत म्हणजे तेवढ्याच रेफरन्सची (ऑब्जेक्टकडे नेणाऱ्या दुव्यांची) एक छोटी ॲरे; नोंदींचे ऑब्जेक्ट पुन्हा बनत नाहीत. शिवाय दिलेली यादी आधीच लिस्ट.ऑफ किंवा कॉपीऑफ यांतून आलेली असेल, तर कॉपीऑफ नवीन प्रत न काढता सहसा तीच परत देते. अनमॉडिफायेबललिस्टच्या रॅपरला ती ही सवलत देत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण रॅपरच्या मागची यादी कोण केव्हा बदलेल, याची तिला खात्री नसते.

एक धोका मात्र लक्षात ठेवावा. लिस्ट.ऑफ आणि लिस्ट.कॉपीऑफ या दोघींनाही नल, म्हणजे मूल्यच नसलेला, घटक चालत नाही. यादीत एक जरी नल असला तरी तिथेच नलपॉइंटरएक्सेप्शन येते. इतकेच काय, अशा यादीला "तुझ्यात नल आहे का" असे कंटेन्स मेथडने नुसते विचारले तरी तोच एक्सेप्शन येतो. ओलावामापक बंद पडल्यावर रीडिंगच्या यादीत नल भरण्याची पद्धत अनेक काट्यांच्या प्रणालींत दिसते. तसे असेल तर बदल करण्यापूर्वी ती यादी शोधून काढावी. जावा 16 पासून स्ट्रीमवर थेट टूलिस्ट मेथड मिळते. तिची यादीही बदलता येत नाही, मात्र तिला नल चालतो.

पांझरा_डॉटनेट (धुळे)

हा सगळा खटाटोप पाहून मायक्रोसॉफ्टच्या सी-शार्प भाषेची बाजू मांडावीशी वाटली. आमच्याकडे 2012 च्या डॉटनेट 4.5 पासून आयरीडओन्लीलिस्ट हा इंटरफेस (कोणत्या मेथड मिळतील हे ठरवणारा टाइप) आहे. त्यात ॲड नाही, रिमूव्ह नाही. केवळ मोजणी, क्रमांकाने वाचन आणि एकेक घटक घेत पुढे जाणे, एवढेच आहे. मेथडने हा टाइप परत दिला की चुकीची ओळ कंपायलरच अडवतो, कार्यक्रम चालू होऊन कोसळण्याची वाट पाहावी लागत नाही. जावाच्या लिस्टमध्ये ॲड ही मेथड दिसते, संपादक ती सुचवतो, कंपायलर ती मान्य करतो आणि मग हंगामाच्या ऐन गर्दीत ती एक्सेप्शन फेकते. ज्या गोष्टीला नाही म्हणायचे, ती दाखवायचीच कशाला?

मेहरूणकाठ (जळगाव)

पांझरा, तुमचा आक्षेप जुना आहे आणि जावाच्या कलेक्शन्सची रचना करणाऱ्यांनी त्याला उत्तरही दिलेले आहे. बदलता येणारी, न येणारी, लांबी कायम पण घटक बदलता येणारी, फक्त भर घालता येणारी, अशा प्रत्येक प्रकाराला वेगळा इंटरफेस द्यायचा आणि तो लिस्ट, सेट, मॅप या सर्वांना लावायचा, तर इंटरफेसची संख्या हाताबाहेर जाते. म्हणून त्यांनी मोजके इंटरफेस ठेवले आणि काही मेथड ऐच्छिक मानल्या. लांबी कायम असलेली यादी ही काल्पनिक गोष्ट नाही, ॲरेज.ॲजलिस्ट अगदी तशीच आहे. तिच्यात ॲड चालत नाही, पण सेट चालतो, आणि सेट केलेले मूल्य मागच्या ॲरेतही उतरते. तिला केवळ-वाचनीय समजणारा कोड आजही बराच दिसतो.

मला स्वतःला हे उत्तर पूर्ण पटत नाही, पण ते विचारपूर्वक दिलेले आहे, एवढे मान्य करायला हवे.

सातपुड्याखाली (चोपडा)

आणि पांझरा, आयरीडओन्लीलिस्ट हेसुद्धा दृश्यच आहे, हे सांगायचे राहिले. आतली साधी लिस्ट जर केवळ त्या टाइपखाली परत दिली, तर घेणारा तिला पुन्हा लिस्टमध्ये कास्ट करून, म्हणजे तिचा टाइप लिस्ट मानायला लावून, खुशाल ॲड करू शकतो.

पांझरा_डॉटनेट (धुळे)

मान्य आहे. त्यासाठी लिस्टवर ॲजरीडओन्ली ही मेथड आहे. ती रीडओन्लीकलेक्शनचे रॅपर देते आणि मग कास्ट करून मूळ यादीपर्यंत पोहोचता येत नाही. आशय न बदलण्याची हमी हवी असल्यास इम्युटेबलॲरे किंवा इम्युटेबललिस्ट आहेत, आणि 2023 च्या डॉटनेट 8 मध्ये फ्रोझनसेट व फ्रोझनडिक्शनरीही आली. ती बांधायला वेळ घेते, पण पुढचा शोध जलद होतो. आमच्याकडे एकाच गोष्टीला इतके टाइप आहेत की नवीन मुलांना समजावताना अर्धा दिवस जातो, हेही खरे.

रावेरची_केळी (रावेर)

आमच्या केळी खरेदीच्या ॲपचा मागचा भाग कोटलिन या भाषेत आहे. तिथे लिस्ट आणि म्युटेबललिस्ट हे दोन इंटरफेस भाषेतच वेगळे आहेत, त्यामुळे घडांच्या वजनाची यादी कोण बदलू शकतो, हे मेथडच्या सहीवरूनच कळते. तथापि तिथली लिस्टही केवळ-वाचनीय आहे, अपरिवर्तनीय नाही. म्युटेबललिस्ट तयार करून लिस्ट म्हणून परत दिली की कास्टचा तोच मार्ग उघडा राहतो. आणि जावाच्या कोडला ती दिली, तर तिथे कंपायलर तिला साधी लिस्ट समजतो आणि ॲड करू देतो.

नाना_अमळनेरकर (अमळनेर)

चर्चा यादीभोवतीच फिरत आहे, यादीतील नोंदीकडे कोणी पाहिलेले नाही. वजननोंदीच्या क्लासमध्ये सेटर (फील्डचे मूल्य बदलणाऱ्या मेथड) आहेत का? असतील, तर लिस्ट.कॉपीऑफ करूनही गोषवाऱ्याचा कोड पहिली नोंद हातात घेऊन तिचे रिकामे वजन 1,720 वरून 1,700 करू शकेल. यादी तीच राहील, क्रम तोच राहील, एक्सेप्शन येणार नाही आणि निव्वळ वजन मात्र वीस किलोने वाढेल. क्रम बदललेला निदान डोळ्यांना दिसतो. हे दिसणारही नाही.

आपली प्रणाली जावा 17 वर असल्याने रेकॉर्ड वापरता येतील. ते 2021 च्या जावा 16 मध्ये कायम झाले. वजननोंद हा रेकॉर्ड करावा. त्याची सर्व फील्ड फायनल असतात आणि सेटर नसतात. ओलाव्याची अनेक रीडिंग एका नोंदीत ठेवायची असतील, तर रेकॉर्डच्या कन्स्ट्रक्टरमध्येच

रीडिंग = लिस्ट.कॉपीऑफ(रीडिंग);

अशी ओळ घालावी, कारण रेकॉर्ड स्वतःहून आतल्या लिस्टची प्रत काढत नाही. बाहेरून आलेली यादी तशीच ठेवून घेतली, तर देणाऱ्याच्या हातात तिचा दुसऱ्या टोकाकडचा ताबा शिल्लक राहतो. परत देताना काळजी घेणारे पुष्कळ असतात; आत घेताना घेणारे थोडे. लिस्टऐवजी ॲरे ठेवू नये, हे वेगळे सांगायला नको, कारण ॲरेला केवळ-वाचनीय करण्याचा मार्ग जावात नाही.

काटापावती (जळगाव)

नाना, सेटर आहेत आणि ते तीन ठिकाणांहून वापरलेही जातात. रिकाम्या गाडीचे वजन नंतर होते, म्हणून भरलेले वजन आधी भरून रिकामे नंतर सेट केले जाते. ते काढून टाकले तर ही प्रक्रिया कशी बसवावी?

याखेरीज पावती हा हायबरनेटचा (ऑब्जेक्ट डेटाबेसमध्ये ठेवणाऱ्या लायब्ररीचा) एंटिटी क्लास, म्हणजे डेटाबेसला जोडलेला क्लास, असून नोंदींची यादी लेझी आहे, म्हणजे गरज पडल्यावरच आणली जाते.

मेहरूणकाठ (जळगाव)

एंटिटी असेल तर एंटिटीच्याच गेट मेथडमध्ये कॉपीऑफ घालू नये. लेझी यादी वाचली गेली की हायबरनेट ती डेटाबेसमधून आणतो. प्रत काढणे म्हणजे वाचणेच. केवळ पावती क्रमांक दाखवणाऱ्या पडद्यावर कोणी चुकून ती मेथड बोलावली, तर विनाकारण क्वेरी जाईल; सेशन (डेटाबेसशी चालू असलेला संवाद) आधीच बंद झालेले असेल, तर लेझीइनिशियलायझेशनएक्सेप्शन येईल. तिथे अनमॉडिफायेबललिस्टचे दृश्य बरे, कारण नुसते रॅपर चढवल्याने यादी वाचली जात नाही. एंटिटीच्या फील्डमध्ये लिस्ट.ऑफ ठेवणेही टाळावे. हायबरनेट स्वतः त्या यादीत फेरफार करू पाहतो.

नाना_अमळनेरकर (अमळनेर)

आपल्या प्रश्नाचे उत्तर काट्यावरच्या रोजच्या बोलण्यात आहे. तिथे कच्ची पावती असते आणि पक्की पावती असते. भरलेली गाडी काट्यावर चढली की कच्ची फाटते. गाडी रिकामी होऊन परत चढली, ओलाव्याची कपात ठरली, की पक्की होते आणि त्यानंतर तिच्यावर कोणी पेन चालवत नाही. कोडमध्ये मात्र या दोघींसाठी एकच क्लास ठेवला गेला आणि त्यात 'पक्कीआहे' असे एक बुलियन (हो किंवा नाही एवढेच सांगणारे फील्ड) टाकले गेले असेल, असा माझा अंदाज आहे. मग प्रत्येक सेटरच्या सुरुवातीला ते बुलियन तपासण्याची जबाबदारी लिहिणाऱ्याच्या आठवणीवर राहते.

दोन क्लास करावेत. 'कच्चीपावती' हीच तुमची एंटिटी. तिच्यात नोंद जोडणे, रिकामे वजन भरणे, सर्व काही असू द्यावे, पण ती काट्याच्या मॉड्यूलबाहेर जाऊ देऊ नये. तिच्यात 'पक्कीकर' ही एकच मेथड असावी, जी सर्व नोंदींची रिकामी वजने भरली आहेत का ते तपासेल आणि 'पक्कीपावती' हा रेकॉर्ड परत देईल. त्या रेकॉर्डमधील नोंदीही रेकॉर्डच, आणि त्यांची यादी कॉपीऑफने घेतलेली. छपाई, गोषवारा, हिशेबपट्टी, आडत-हमालीची वजावट, या सर्वांना केवळ पक्की पावती द्यावी. मग गेट मेथड कशी लिहावी हा मूळ प्रश्नच उरत नाही, कारण बदलण्याची मुभा असलेले ऑब्जेक्ट त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. लेझी यादीचाही प्रश्न मिटतो; पक्की करताना सेशन उघडे असते आणि सर्व नोंदी तेव्हा लागतातच.

पांझरा_डॉटनेट (धुळे)

हे आवडले, नाना. चुकीची ओळ कंपायलरने अडवावी हे माझे म्हणणे जावाच्या लिस्टमध्ये बसत नव्हते, ते पावतीच्या टाइपमध्ये बसले. 'पक्कीपावती'ला नोंद जोडण्याची मेथडच नाही, त्यामुळे तसा कोड लिहिताच येणार नाही.

फक्त 'पक्कीपावती'ने यादीच द्यायला हवी का, हेही पाहावे. छपाईला ओळी लागतात, पण हिशेबपट्टीला बहुधा एकूण निव्वळ वजन आणि कपात एवढेच लागते. त्या दोन मेथड रेकॉर्डवरच ठेवल्या, तर यादी मागणारी ठिकाणे आणखी कमी होतील.

काटापावती (जळगाव)

बुलियनचा अंदाज अचूक आहे. त्याचे नाव 'छापली' असे आहे, आणि सेटरांपैकी दोघांत ते तपासले जाते, तिसऱ्यात नाही. कच्ची-पक्कीची विभागणी चाचणी शाखेवर सुरू केली आहे. हिशेबपट्टीला यादीची गरज नव्हती, हेही खरे निघाले.

शेवटची एक शंका. दिवसाच्या नोंदवहीत शेतकरी क्रमांकावरून पक्क्या पावत्या देणारा मॅप आहे. तो लिंक्डहॅशमॅप (भर घातल्याचा क्रम राखणारा मॅप) असून क्रम गाड्या आल्या त्या वेळेचा आहे. याच न्यायाने तिथे मॅप.कॉपीऑफ केले, तर गोषवाऱ्यात शेतकऱ्यांचा क्रम विस्कटला आणि सर्व्हर पुन्हा सुरू केल्यावर तो आणखी वेगळा आला.

सातपुड्याखाली (चोपडा)

तसे होणारच. मॅप.ऑफ, मॅप.कॉपीऑफ आणि सेटच्या त्याच नावाच्या मेथड क्रम राखत नाहीत. उलट कोणी क्रमावर विसंबू नये म्हणून जावा यंत्रणेच्या प्रत्येक चालू होण्याबरोबर तो मुद्दाम बदलला जातो. लिस्टचे तसे नाही, तिचा क्रम कायम राहतो, म्हणून पावतीत हा त्रास झाला नाही.

इथे जुनी मेथडच कामाची आहे. आधी लिंक्डहॅशमॅपची नवीन लिंक्डहॅशमॅपमध्ये प्रत काढावी आणि त्या प्रतीवर कलेक्शन्स.अनमॉडिफायेबलमॅप चढवावे :

रिटर्न कलेक्शन्स.अनमॉडिफायेबलमॅप(न्यू लिंक्डहॅशमॅप<>(नोंदवही));

प्रतीचा रेफरन्स रॅपरखेरीज कोणाकडेच नसल्याने तिला मागून बदलणारा कोणी उरत नाही आणि आवकेचा क्रमही टिकतो. पुढे जावा 21 वर गेलात, तर तिथे अनमॉडिफायेबलसीक्वेन्स्डमॅप मिळेल; त्यातून पहिली व शेवटची पावती थेट मागता येते. आत्ताच्या 17 साठी वरची ओळ पुरेशी आहे. फक्त ती प्रतही नोंदवहीच्या लॉकखालीच काढावी.